लहानात लहान उत्तर

"माझ्याकडे तर चालतंय..."

शेजारून आवाज आला तेव्हा ती धक्क्यावरच्या पत्र्याखाली उभी राहून हातातल्या फोनकडे डोळे वटारून पाहत होती. स्क्रीनवर एक निळं वर्तुळ गरगरत होतं आणि त्याखाली लिहिलं होतं, 'कृपया थांबा'. ती थांबलीच होती. पाऊस पडतोय म्हणावं तर थेंब दिसत नव्हते, नाही म्हणावं तर केस ओले होत होते. धुक्यात पलीकडचा काठ विरघळून गेला होता. बोट धक्क्याला लागलेली होती, तिच्या इंजिनाची धडधड पायाखालच्या फळ्यांतून जाणवत होती. सगळं होतं. फक्त तिकीट तेवढं मिळत नव्हतं.

तिनं वळून पाहिलं. उंच, जरासा वाकून उभा राहणारा एक तरुण. चष्म्याच्या काचांवर धुकं साचलेलं. हातातला फोन त्यानं तिच्यासमोर धरला होता, पुराव्यादाखल.

"छान," ती म्हणाली. "मग असं करा, तुमचा फोन सगळ्या प्रवाशांना आळीपाळीनं द्या. बोटवाल्यांचा प्रश्नच मिटला."

"तसं नाही... म्हणजे, तुम्ही आधी काय दाबलंत?"

"'तिकीट' दाबलं. दुसरं काय दाबणार? ज्यानं ही साइट केलीय त्याचा गळा काही समोर नाहीये."

त्याचा हात नकळत स्वतःच्या कॉलरकडे गेला.

"आणि दाबल्यावर लगेच वर्तुळ आलं, की आधी पान पांढरं झालं?"

ती थबकली. हा प्रश्न कुठलाही साधा प्रवासी विचारत नाही. "आधी पांढरं. मग वर्तुळ."

"बघू?"

तिनं फोन पुढे केला. दोन डोकी एका स्क्रीनवर झुकली. त्याच्या चष्म्यावरचा थेंब ओघळला आणि तिच्या मनगटावर पडला. "सॉरी," म्हणत त्यानं तो बाहीनं पुसला... आणि मग आपण कुणाचं मनगट पुसतोय हे लक्षात येऊन हात असा मागे घेतला, जसा काही चटका बसला.

तेवढ्यात भोंगा वाजला. फळ्यांतली धडधड दूर गेली.

"अहो!" तिकीट खिडकीतून एक मावशी ओरडल्या. "तिकीट इथं मिळतं! कागदाचं! कधीची हाका मारतेय, दोघांचे कान कुठं होते?"

बोट धुक्यात शिरली होती. तिच्यामागे पाण्यावर एक लांबट घडी उमटली आणि हळूहळू मोडत गेली.

"माझ्यामुळे चुकली तुमची," तो म्हणाला.

"तुमच्यामुळे कशी? ज्यानं साइट केली त्याच्यामुळे."

त्यानं चष्मा काढला. बराच वेळ पुसला. "हो," तो म्हणाला. "तेच म्हणतोय."

दुसऱ्या दिवशी सकाळी, पलीकडचा काठ न बघताच, ती नव्या कामावर रुजू झाली. धक्क्यामागच्या गल्लीत रंगाच्या दुकानावर एक लांबट खोली होती. भिंतीशी टेबलं, खिडकीत सुकत घातलेली छत्री, एका भिंतीवर रंगीत कार्डं चिकटवलेली. जे काम करायचंय त्याचं कार्ड डावीकडे, चाललेलं मध्ये, झालेलं उजवीकडे. उजवी बाजू जवळपास उघडीच होती.

ऑफिस चालवणाऱ्या मॅडम कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. "ह्या आपल्या पाहुण्या," त्यांनी सगळ्यांना सांगितलं. "बोटीची साइट लाइव्ह होईपर्यंत आपल्याकडे. अडलेली गाडी ढकलणं हा ह्यांचा धंदा. आणि पाहुण्या, जे अडलंय ते कोपऱ्यात बसलंय. ए होतंय, उठ रे!"

कोपऱ्यातून कालचा चष्मा उठला. उठताना टेबलावरचा कप कलंडला.

"होतंय?" तिनं विचारलं.

"नाव वेगळं आहे, पण कुणाला आठवत नाही," मॅडम म्हणाल्या. "काम कुठवर आलं विचारा, हा म्हणणार 'होतंय'. वडील ह्याच बोटीचे सारंग, सुकाणू त्यांच्या हातात. घरची बोट, जीव लावून करेल, म्हणून काम याला दिलं. जीव लावलाय खरा. काम होतंयच."

तो जवळ आला आणि फक्त तिला ऐकू जाईल असं म्हणाला, "गळा समोर आहे आता."

तिला हसू आवरलं नाही. पण लगेच खुर्ची ओढून ती त्याच्या टेबलाशी बसली. "दाखवा."

त्यानं स्क्रीनसमोर हात आडवा धरला. "अजून पूर्ण नाही."

"पूर्ण झालेलं बघायला मला कोण बोलावतं? माझं पोटच अर्धवटावर चालतं."

हात हळूहळू बाजूला झाला. आणि स्क्रीनवर नदी उगवली. खरंच उगवली... धुक्यातून, लाटेमागून लाट अशी. एक बोट आली. सुकाणूवर टोपी घातलेला छोटासा माणूस. वरून एक पांढरा पक्षी उडत गेला आणि बरोब्बर मध्यावर आल्यावर त्यानं मान वळवून मागे पाहिलं.

तिनं खुर्ची आणखी जवळ ओढली.

"तिकीट कुठाय?" मग तिनं विचारलं.

"ते... होतंय."

मॅडमनी कपाळाला हात लावला.

दुखणं सरळ होतं. त्या सुंदर नदीचा भार इतका होता की साध्या फोनला ती पेलवतच नव्हती. त्याच्या महागड्या यंत्रावर पाणी वाहायचं आणि धक्क्यावरच्या प्रवाशासमोर निळं वर्तुळ फिरायचं. ते कधी चालणारं, कधी अडणारं पान चाचणी म्हणून प्रवाशांसमोर आधीच सोडून दिलेलं होतं, आणि त्यामागे काय घडतंय ते कुणी पाहिलं नव्हतं, कारण तो दाखवतच नव्हता.

"आजपासून दोघांत एक कीबोर्ड," ती म्हणाली. "मी आधी प्रश्न लिहिणार. उदाहरणार्थ, प्रवाशानं 'उद्या' निवडलं तर उद्याच्याच बोटी दिसतात का? आपल्या कोडला उत्तर येत नसेल तर खाली पट्टी लाल. मग कीबोर्ड तुमच्याकडे. तुम्ही लहानात लहान उत्तर लिहायचं, पट्टी हिरवी होण्यापुरतं. त्याहून एक अक्षर जास्त नाही. मग पुढचा प्रश्न तुम्ही घालायचा, उत्तर मी द्यायचं."

"लहानात लहान म्हणजे किती?"

"तुमच्या पक्ष्याची मान वळते ना? त्याहून लहान."

तो हसला. हसताना त्याच्या एकाच गालावर खळी पडते, हे तिनं पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

"आणि चुकलं तर?"

"मागे घ्यायचं. कालचं सगळं साठवलेलं असतं, एका हुकमात परत येतं. मागे घेता येत नाही असं मी काही करतच नाही."

हे ती हसत म्हणाली, पण खरंच म्हणाली. गावोगावची ऑफिसं, तिथली अडलेली कामं, काम सुटलं की पुढचं गाव... विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. भाड्याच्या खोलीत एक भलंमोठं लाकडी कपाट होतं. तिनं ते एकदा उघडून पाहिलं, आतला डांबरगोळ्यांचा वास घेतला आणि परत बंद करून टाकलं. दोन बॅगा भिंतीशी तशाच राहिल्या. लागेल तो कपडा वरून काढायचा, धुऊन वर ठेवायचा. तळाशी काय आहे हे आता तिलाही आठवत नव्हतं.

पहिल्या शुक्रवारी तिनं तिकीट खिडकीवरच्या मावशींना बोलावणं धाडलं. दर शुक्रवारी, जे काही झालं असेल ते, जसं असेल तसं, मावशींना दाखवायचं असा नियम तिनं करून टाकला होता.

"काहीच नाहीये दाखवायला," होतंय म्हणाला. त्याचा चेहरा इंजेक्शनच्या रांगेतल्या मुलासारखा झाला होता. आदल्या दिवशी लाटा, बोट, पक्षी सगळं पानावरून उतरवलं होतं. "तुम्हीच काढा, माझ्या हातानं होणार नाही," असं म्हणून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला होता. तिनं काढलं. तिच्यासाठी ते रोजचंच काम होतं.

मावशी चपला दाराशी काढून आल्या. "बघू बाई, काय दिवे लावलेत ते."

पान क्षणात उघडलं. त्यावर एकच ओळ होती. पुढची बोट किती वाजता सुटते ती. बस.

"एवढंच?" मावशी म्हणाल्या.

होतंयनं डोळे मिटले.

"बरं झालं बाई! दिवसभर लोकं मला एवढंच तर विचारतात. घसा बसतो माझा. पण अक्षर मोठं कर रे. चष्मा विसरलेली बाई काय बोटीनं जात नाही?"

त्यानं डोळे उघडले. कीबोर्ड ओढला, अक्षर मोठं केलं. मावशी "आत्ता कसं!" म्हणाल्या आणि चपला घालून गेल्यासुद्धा.

"आभाळ कोसळलं नाही," काही वेळानं तो म्हणाला.

"नाही कोसळलं."

"मला वाटायचं, कोसळतं."

मग दिवस त्या पट्टीच्या रंगांत बुडून गेले. लाल, हिरवी... लाल, हिरवी. त्यानं प्रश्न घालायचा, तिनं उत्तर द्यायचं. ती घाईनं प्रश्न घालायची, तो वेळ लावून उत्तर द्यायचा, पण आता उत्तरं खरोखर लहान होत चालली होती. कीबोर्ड एकीकडून दुसरीकडे सरकताना बोटांना बोटं लागायची. आधी दोघं "सॉरी" म्हणायची. मग कोणीच म्हणेना.

दुपारी खिडकीतून ऊन यायचं आणि स्क्रीनवर दोघांची प्रतिबिंबं पडायची. कोडच्या ओळींमागे दोन चेहरे. तो ओळी वाचतोय असं तिला वाटायचं, आणि मग त्या काचेत त्याची नजर तिच्या नजरेला भेटायची...

"तिसऱ्या ओळीत चूक आहे," ती म्हणायची.

"मी तिसऱ्या ओळीत नव्हतोच," तो म्हणायचा.

एके दिवशी एक चूक काही केल्या सापडेना. लहान मुलाचं तिकीट काढलं की बोटीतली जागाच नाहीशी व्हायची. दोघं घामाघूम झाली. अचानक तिनं त्याच्या हातावर चापट मारली. "थांब! तू शून्यानं गुणतोयस, वेड्या!"

पट्टी हिरवी झाली. मग तिच्या लक्षात आलं. "सॉरी... तुम्ही."

"मागे घेतेस?" त्यानं विचारलं. "मी तर नाही घेणार."

त्या संध्याकाळी तो तिला बोटीवर घेऊन गेला. "साइटला बोट माहीत आहे, तुला नाही. पहिल्या दिवशीची बाकी आहे तुझी." पलीकडे जाऊन त्याच बोटीनं परत यायचं, एवढाच बेत. नदी त्या वेळी राखाडी-गुलाबी होती. वाऱ्याला डिझेलचा आणि ओल्या दोरखंडाचा वास होता. दोघं सुकाणूच्या खोलीपाशी उभी राहिली. आत त्याचे वडील टोपी घालून एका हातानं चाक धरून उभे होते.

"तुम्हीच का त्या पाहुण्या?" सारंगांनी विचारलं. "याला दर शुक्रवारी दाखवायला लावणाऱ्या?"

"हो, काका."

"तुमचे पाय धरायला हवेत. लहानपणी यानं माझ्या बोटीचं चित्र काढायला घेतलं. बघू म्हटलं की म्हणायचा, होतंय. अहो, त्या बोटीचं इंजिन बदललं, रंग बदलला, माझे केस गेले. चित्र आपलं होतंयच!"

"बाबा..."

"बाबा काय बाबा. खोटं आहे का?"

ती हसली. आणि हसता हसता थांबली. टोपी घातलेला छोटासा माणूस. वळून पाहणारा पक्षी.

परतीच्या वाटेवर कठड्याशी उभं राहून तिनं हळूच विचारलं, "ते चित्र... मी पानावरून काढलं तेच ना?"

तो पाण्याकडे बघत होता. "हो."

"त्यांनी पाहिलं होतं?"

"नाही. पूर्ण झालं की दाखवणार होतो."

"मला सांगायचंस."

"तू बरोबरच होतीस. तिकीट मिळत नव्हतं लोकांना." त्यानं तिच्याकडे पाहिलं आणि एका गालानं हसला. "शिवाय तूच म्हणतेस, काहीच जात नाही. मागे घेता येतं."

तिला काहीतरी बोलायचं होतं. शब्द ओठांपर्यंत आले... आणि धक्का आला.

साइट आकाराला येत होती. वेळा, जागा, एकेरी तिकीट, परतीचं तिकीट. तिकीट रद्द करायची सोय तिनं स्वतःच बाजूला सारली. "पहिल्या खेपेला नको. आधी लोकांना जाऊ दे, मग बघू." आता चारदोन कार्डं उरली होती. एका सकाळी तिच्या फोनवर पुढच्या गावाहून विचारणा आली. पलीकडच्या काठावरून गाडीनं जायचं गाव. मोठं काम होतं. येताय ना, पुढच्या शुक्रवारपर्यंत कळवा.

तिनं ते त्याला सांगितलं. अगदी सहज सांगितलं, छत्री विसरल्याचं सांगावं तसं.

"बरं," तो म्हणाला. आणि पुढचा प्रश्न लिहायला त्याला फार वेळ लागला.

यानंतर त्या भिंतीवर एक चमत्कार सुरू झाला. कार्डं संपेनात.

ऑफिसात रोज सकाळी भिंतीसमोर बैठक व्हायची. बैठक म्हणायची आणि बसायचं नाही, उभ्याउभ्या काल काय केलं आणि आज काय करणार ते सांगायचं. त्या बुधवारी मॅडम भिंतीकडे तोंड करून उभ्या होत्या, आणि सहज डोकावलेल्या मावशीही शेजारी होत्या.

"मला एक समजत नाही," मॅडम म्हणाल्या. "गेल्या आठवड्यात उरली होती मूठभर कामं. रोज दोन कार्डं उजवीकडे जातात आणि डावीकडे तीन उगवतात. काम लहान तुकड्यांत करावं, मान्य. पण हे काय? 'बटणाचा रंग'. पुढे, 'बटणाची सावली'. आणि हे... 'बटणाची सावली, संध्याकाळची'! ही कोणी लावली?"

चोराच्या मनात चांदणं. होतंयनं बुटांच्या नाड्यांकडे पाहिलं. त्याच क्षणी तिनंही आपल्या चपलांकडे पाहिलं. आणि मग दोघांनी एकदमच मान वर करून एकमेकांकडे पाहिलं.

तिला वाटत होतं, कार्डं वाढवणारी आपण एकटीच. त्यालाही तसंच वाटत होतं.

"मला सावलीचं लोणचं घालायचंय का?" मावशी म्हणाल्या. "तिकीट मिळतंय ना? मग करा की चालू!"

"पाहुणी," मॅडमचा आवाज खाली आला, "तुला इथंच राहायचं असेल तर सरळ सांग. माझ्याकडे जागा आहे, कायमची आहे. पण तुम्ही दोघांनी मिळून माझी साइट ओलीस धरू नका."

कोणीतरी खोकलं. तिचे कान तापले. आणि इतक्या गावांत इतक्या वेळा म्हटलेलं वाक्य तिच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं. "नाही, मला... पुढे जायचंय."

भिंतीशी जाऊन होतंयनं संध्याकाळची सावली उतरवली आणि चुरगळून खिशात ठेवली.

"शुक्रवारी लाइव्ह," मॅडम म्हणाल्या.

गुरुवारी दुपारी तो वडिलांबरोबर बोटीवर होता. तिकिटं दाखवताना बोटीवरच्या लोकांचा फोन चालतो का, ते पाहायला. ती टेबलाशी एकटीच राहिली. शेजारची खुर्ची रिकामी. तिनं जुना साठा उघडला आणि ती नदी पुन्हा एकदा पाहिली. पहिल्यापासून शेवटपर्यंत. पक्ष्यानं मान वळवली तेव्हा तिला वाटलं, हा माझ्याकडेच बघतोय.

मग तिनं कीबोर्ड पुढे ओढला. ना प्रश्न लिहिला, ना कोणाला विचारलं.

शुक्रवारी सगळं ऑफिस लॅपटॉप घेऊन धक्क्यावर आलं. लोक तिकीट कसं काढतात ते डोळ्यांनी पाहायचं होतं. ऊन आणि धुकं एकत्रच होतं. नदीवर चंदेरी साय धरली होती. तिच्या दोन्ही बॅगा पायाशी होत्या. दुपारच्या बोटीनं पलीकडे, तिथून गाडी. तिनं आपल्या फोनवर आपल्याच साइटवरून तिकीट काढून ठेवलं होतं. पानानं विचारलं होतं, एकेरी की परतीचं? तिनं एकेरी दाबलं होतं, आणि दाबताना बोट जरा रेंगाळलं होतं. तिकीट आल्यावर जे दिसायचं होतं, ते बघायला ती थांबली नव्हती. फोन पर्समध्ये टाकून दिला होता.

"मी काढते पहिलं!" मावशींनी खिडकीतून बाहेर येऊन जाहीर केलं. चष्मा न लावता, हात लांब करून त्यांनी बटण दाबलं. तिकीट क्षणात आलं.

"अगं बाई... हे काय?"

सगळे वाकले. तिकिटाच्या खालून एक बोट निघाली होती. दोन रेघांची बोट, टोपी घातलेल्या ठिपक्याएवढा एक माणूस, वर एक पांढरी खूण. हलकी, इतकी हलकी की कुठल्याही फोनवर तरंगावी. बोट स्क्रीनच्या या काठावरून त्या काठाला गेली. मध्यावर आल्यावर त्या पांढऱ्या खुणेनं मान वळवून मागे पाहिलं.

सारंग बोटीवरून उतरून आले होते. त्यांनी फोन हातात घेतला. डोळ्यांजवळ नेला. मावशींना म्हणाले, "पुन्हा एक तिकीट काढ." पुन्हा पाहिलं.

"हा मी?" त्यांनी मुलाला विचारलं.

मुलानं नुसती मान हलवली.

"टोपी वाकडी आहे," सारंग म्हणाले. आणि खरी टोपी काढून त्यांनी ती उगाचच झटकली, पुन्हा घातली, आणि पाठ फिरवून बोटीकडे गेले. पायऱ्यांवर त्यांनी बाहीनं डोळे पुसलेले सगळ्यांनी पाहिले.

तो तिच्याकडे आला. बॅगांच्या पलीकडे उभा राहिला.

"हे कोणी ठेवलं?"

"मी."

"कोणाबरोबर बसून?"

"एकटीनं."

"आधी प्रश्न लिहिलास?"

"नाही लिहिला."

"तू?" त्याच्या आवाजात हसू होतं. "आणि मागे घ्यायची सोय?"

तिनं पाण्याकडे पाहिलं. "केलीच नाही."

बोटीचा पहिला भोंगा झाला. लोक फळीवरून चढू लागले. तिनं बॅगेचा पट्टा हातात घेतला. त्यानं चष्मा काढला, पुसला नाही, नुसताच हातात धरला.

"मला काहीतरी दाखवायचंय," तो म्हणाला. "पूर्ण नाहीये. फारच... अर्धवट आहे."

"शुक्रवार आहे," ती म्हणाली. "अर्धवट चालतं."

"पहिल्या दिवशी तुझी बोट चुकली ना... तेव्हापासून मला वाटतंय, पुढची बोट उशिराच यावी. रोज वाटतं. बटणाची सावली मी लावली होती."

"माहितीये. संध्याकाळची माझी होती."

त्यानं खिशातून ते चुरगळलेलं कार्ड काढलं आणि दोघांनाही हसू फुटलं. असं हसू की ज्याच्या शेवटी डोळे भरून येतात. मग तो गंभीर झाला.

"पुढचं मला नीट मांडता येत नाही. म्हणून नुसता प्रश्न घालतो. लाल राहिला तरी हरकत नाही." त्यानं श्वास घेतला. "राहशील?"

तिच्या मनात उत्तरांची गर्दी झाली. मोठमोठी उत्तरं. पुढच्या गावाला काय कळवायचं, आपण कुठंच राहिलो नाही कधी, राहायचं कसं असतं तेच माहीत नाही, आणि चुकलं तर, चुकलं तर... दुसरा भोंगा झाला. फळी ओढायला माणूस वाकला.

"लहानात लहान," तो हळूच म्हणाला. "नियम तुझाच आहे."

तिनं पट्टा सोडला.

"हो."

फळी निघाली. बोट धक्क्यापासून सुटली. सारंगांनी सुकाणूच्या खोलीतून मागे वळून पाहिलं आणि गरज नसताना आणखी एक भोंगा दिला, लांबलचक. धुक्यानं तो कितीतरी वेळ धरून ठेवला.

"अहो!" मावशी ओरडल्या. "बोट गेली! पहिल्या दिवशीही हेच, आजही हेच! तुमच्या कानांत बोळे आहेत का? आणि पाहुणी, तुझं तिकीट रद्द करायचं बटण कुठं आहे इथं? सापडत नाही मला."

"नाहीये, मावशी," होतंय म्हणाला. त्याची नजर तिच्यावरून हलली नव्हती. "हिनंच बाजूला ठेवलं. पहिल्या खेपेला नको म्हणाली."

मॅडमनी लॅपटॉप मिटला. "सोमवारी दहाला," त्या जाता जाता म्हणाल्या, "आणि आता पाहुणी म्हणायचं की नाही, तेवढं ठरवा कोणीतरी."

तिनं तिथंच उभ्याउभ्या पुढच्या गावाला उत्तर लिहिलं. येऊ शकत नाही. पाठवलं. गेलं. परत येणार नव्हतं. तिला वाटलं होतं, भीती वाटेल. पायाखालच्या फळ्या मात्र जागच्या जागी होत्या.

धक्का रिकामा झाला. पाण्यावरची घडी मोडत मोडत नाहीशी झाली. त्यानं एक बॅग उचलली, तिनं दुसरी.

"आता प्रश्न माझा," ती चालता चालता म्हणाली. "माझ्या खोलीत एक कपाट आहे. मोठं. रिकामं. मला ते लावता येत नाही. आधी काय करतात?"

"लहानात लहान उत्तर?"

"हो."

त्यानं बराच विचार केला. होतंयसारखाच, अगदी वेळ लावून.

"आधी," तो म्हणाला, "बॅग उघडतात."